एक्सीट ते समुद्र: लहान मुलांना घेऊन कुकमिअरची वाट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन आणि ईस्टबोर्नच्या मधल्या पट्ट्यात, कुकमिअर नावाची छोटी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखापासून पूर्वेकडे पांढऱ्या खडूचे सात कडे ओळीने उभे आहेत, तेच सेव्हन सिस्टर्स. लहान मुलांना किंवा उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पहिल्यांदा गावाबाहेरच्या वाटेवर न्यायचं असेल, तर आम्ही हीच वाट धरतो. एक्सीटच्या बसथांब्यापासून समुद्रापर्यंत दोन-सव्वादोन किलोमीटर, जवळजवळ सगळी सपाट, आणि कंटाळा आला की आहे तिथून मागे फिरता येतं. मुलं बरोबर असली की वाट किती लांब यापेक्षा ती अर्ध्यात सोडता येते का, हे आधी बघावं लागतं. आमचं सगळं नियोजन त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

तयारी आदल्या रात्री सुरू होते, आणि पिशवी भरण्याआधी भरतीचं वेळापत्रक उघडायचं. न्यूहेवन बंदराचं वेळापत्रक इथे चालतं. कोकणात वाढलेल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. इथे तो हिशेब लावू नये, वेळापत्रकातलाच आकडा घ्यावा. तो घेताना एक चूक फार जणांकडून होते. पुष्कळशी वेळापत्रकं वर्षभर ग्रीनिच वेळेतच असतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत आपलं घड्याळ एक तास पुढे असतं. तो तास मिळवायचा राहिला की दिवसाचं सगळं गणित तासाने चुकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी सुमारे ६ मीटर चढतं-उतरतं, मुंबईच्या उधाणापेक्षा बरंच जास्त. दरीतल्या वाटेला भरतीचा त्रास नाही, पण समुद्रावर पोचल्यावर मुलांना खेळायला जागा किती मिळणार हे तीच ठरवते. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावर पोचायचं, म्हणजे पाणी मागे सरत असताना मुलं खाली खेळतात आणि ते परत चढायला लागायच्या आत आपण आवरतं घेतो.

दुसरी नोंद वाऱ्याची. मेट ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याच्या, अंदाजात दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोतांचा वेग. बघायचा तो झोतांचा. झोत ताशी ३० मैलांच्या वर असतील तर मुलांना घेऊन आम्ही कड्यावर चढत नाही, फक्त दरीतली वाट करतो. ४० च्या वर असतील तर बेतच बदलून, एक्सीटला बस जाते त्या मोठ्या रस्त्याच्या उत्तरेच्या फ्रिस्टन जंगलात जातो. तिथे बीच वृक्षांची दाट राई आहे, वारा डोक्यावरून निघून जातो.

लंडनहून यायचं तर व्हिक्टोरियाहून गाडी, लुइसला बदलून सीफर्ड, आणि सीफर्डहून १२ क्रमांकाच्या मालिकेतली ब्रायटन–ईस्टबोर्न बस. बसने दहा-एक मिनिटांत एक्सीट येतं. बाबागाडी असेल तर एक लक्षात ठेवायचं. बसमध्ये तिच्यासाठी एखाद-दुसरीच जागा असते, आणि व्हीलचेअरवरचा प्रवासी आला की बाबागाडी मिटून घ्यावी लागते. म्हणून झटकन मिटणारी गाडी आणावी आणि खालची टोपली सामानाने ठासून भरू नये. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारच्या बसेस भरलेल्या असतात आणि थांब्यावर न थांबता निघून जातात. दहाच्या आत एक्सीटला पोचलं की हा सगळा प्रश्न निम्मा होतो. स्वतःची मोटार असेल तरी वेळ हीच, कारण वाहनतळ अकरापर्यंत भरलेले असतात.

बाबागाडी की पाठीवरचं कॅरिअर, यावर आमचं मत ठरलेलं आहे. मोठ्या चाकांची तीनचाकी गाडी दरीतल्या काँक्रीटवर छान चालते. शहरातली बारीक चाकांची गाडी शेवटच्या पाचशे मीटरात, खडी सुरू झाली की, दर दहा पावलांना अडते. कॅरिअर कुठेही जातं, पण त्यात बसलेलं मूल हलत नाही. आपल्याला चढणीवर घाम फुटलेला असतो आणि पाठीवर त्याचे पाय गारठलेले असतात. दर वीस मिनिटांनी त्याच्या पोटऱ्यांना हात लावून बघायचं. पायमोज्यांच्या वर विजारीची कड चढलेली असते, नेमकी तिथेच थंडी शिरते.

कपड्यांत जीन्स नको. ती भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. आत सुती नसलेला पातळ थर, त्यावर फ्लीस, वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, हे जूनमध्येसुद्धा. आजींना साडीतच यायचं असेल तर जरूर यावं, दरीची वाट तितकी सोपी आहे, पण वारा पदर ठरू देत नाही, म्हणून वरून बटणांचं जाकीट आणि कानटोपी हवीच. पायात चप्पल-सँडल नको, तळाला खाचा असलेले बूट हवेत. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. त्यावर गुळगुळीत तळ टिकत नाही, आणि पडणारे बहुतेक जण चढताना नाही, उतरताना पडतात.

पाणी मुलामागे अर्धा लिटर, मोठ्यांमागे एक, उन्हाळ्यात थोडं जास्तच. एक्सीट सोडल्यावर समुद्रापर्यंत ना नळ, ना दुकान, ना संडास. म्हणून एक्सीटला माहिती केंद्राजवळच्या संडासात सगळ्यांनी जाऊन यायचं, 'मला नाही लागली' म्हणणाऱ्यांनीसुद्धा. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी असं कोरडं बरं. डबा उघडला की सीगल येतात आणि मुलांच्या हातातून घास थेट उचलतात. म्हणून भिंत किंवा उंचवटा मागे घेऊन बसायचं. कचऱ्यासाठी एक पिशवी आणि ओल्या मोज्यांसाठी एक. जादा मोजे प्रत्येकाचे दोन जोड. हे ओझं कधीच वाया जात नाही.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला, ओएल २५. प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. फोनमध्ये असला तरी कागदाचा जवळ असू द्यावा, दरीत सिग्नलचा भरवसा नाही. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायी जाण्याच्या हक्काच्या वाटा, लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे, जिथे घोडे आणि सायकलीही येतात. जमिनीवर याच खुणा बाणांनी दाखवलेल्या असतात: पिवळा बाण पायवाटेला, निळा ब्रायडलवेला. ओकच्या फळाचं चित्र दिसलं की ती राष्ट्रीय दीर्घवाट. इथे ती साउथ डाउन्स वे आहे, विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंतची १६० किलोमीटरची. भारतातून नव्याने आलेल्यांना शेतातून जाताना संकोच वाटतो, कुणी हटकेल असं वाटतं. खासगी शेतातून गेलेली असली तरी ही वाट सगळ्यांच्या हक्काची आहे, आणि शेतकऱ्यालाही ती अडवता येत नाही. आपण वाटेवर राहायचं आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद आणि उघडं होतं तर उघडं. कधी कधी गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

प्रत्यक्ष वाट रस्त्याच्या दक्षिणेला फाटकातून सुरू होते. इथेच दोन वाटा फुटतात. साउथ डाउन्स वे डावीकडे टेकडीवर चढते. आपण दरीच्या तळातली काँक्रीटची वाट घ्यायची. उजव्या हाताला लगेच कुकमिअरची प्रसिद्ध नागमोडी वळणं दिसतात. ही वळणं आता वाहत नाहीत. १८४६ मध्ये नदीला सरळ कालवा काढून दिला, तेव्हापासून मूळ पात्र बाजूला पडलं आणि त्यात पाणी साचून आहे. वाहती नदी पलीकडे, बांधांच्या मध्ये आहे. मुलांना हे दाखवायची सोपी युक्ती म्हणजे पाण्यावरचं गवताचं पातं किंवा पीस बघायला सांगायचं. या वळणांमध्ये ते वाऱ्याने सरकतं, प्रवाहाने नाही.

इथे पक्षी भरपूर आणि जवळून दिसतात. आपल्याकडच्या भातखाचरांत उभा असतो तोच लहान बगळा इथेही उथळ पाण्यात उभा असतो, काळे पाय आणि पिवळी बोटं. कुंपणाच्या खांबावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, टेकडीच्या उतारावर आकाशात एका जागी गात राहिलेला चंडोल. मुलांच्या चालण्याचा वेग इथेच ठरतो. पाच-सहा वर्षांची मुलं या सपाट वाटेवर तासाला दोन किलोमीटर चालतात, थांबे धरून. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला गिर्यारोहकांचा हिशेब तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास, असा आहे. मुलांसाठी त्याची दुप्पट धरली तरी कमीच पडते. आम्ही अडीचपट धरतो आणि त्यावर अर्धा तास राखून ठेवतो.

कुरणात मेंढ्या आणि गाई चरायला सोडलेल्या असतात. मेंढ्यांचा त्रास नाही. गाईबरोबर वासरू असेल तर मात्र जपायचं. आपल्याकडची गाय दारात बांधलेली, हात लावू देणारी असते, त्यामुळे मुलं बेधडक जवळ जातात. इथल्या मांसासाठी पाळलेल्या गाई माणसाला सवकलेल्या नसतात आणि वासराच्या बाबतीत फार सावध असतात. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, पळायचं नाही. कळप जवळ आला तर मुलांना मध्ये घेऊन शांतपणे चालत राहायचं. बरोबर कुत्रा असेल तर तो साखळीत हवा, पण गाय अंगावर आलीच तर साखळी सोडून द्यायची. गाईला कुत्रा नको असतो, आणि कुत्रा आपला आपण सुटतो.

काँक्रीट डावीकडे फॉक्सहोलच्या घरांकडे वळतं, तिथे आपण ते सोडून सरळ समुद्राकडे जायचं. खडीची वाट, मग एक लहानसं तळं, मग गोट्यांचा उंच बांध. बाबागाडी बांधाच्या अलीकडेच लावून ठेवावी. गोट्यांत तिची चाकं रुततात आणि ओढून ओढून चाकाचा आस वाकतो.

हे गोटे चकमकीचे आहेत. खडूच्या कड्यात चकमकीचे थर आडवे बसलेले असतात. कडा कोसळला की खडू पाण्यात विरघळून जातो आणि चकमक उरते. एखादा फुटलेला गोटा हातात घेऊन बघा. बाहेरून पांढरी खरबरीत साल, आत काळा, काचेसारखा चमकणारा गाभा. फुटलेली कडही काचेसारखीच कापते. मुलं गोट्यावर गोटा आपटून फोडायला बघतात, तेव्हा डोळ्यात कपची उडते. हे पोचल्याबरोबरच सांगून ठेवायचं, आपटायचे नाहीत. पाण्यात फेकायला मात्र हरकत नाही, आजूबाजूला माणसं नसतील तर.

किनारा उताराचा आहे. पाण्यात चार पावलं टाकली की मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत पाणी येतं, आणि मागे फिरणारी लाट पायाखालचे गोटेच ओढून नेते. मुलांना घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ द्यायचं नाही. नदीच्या मुखाशी तर अजिबात नाही. ओहोटीला तिथलं पात्र अरुंद आणि उथळ दिसतं, समोरचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो, आणि लोक बूट हातात घेऊन पार जायला बघतात. तळ चिखलाचा आणि प्रवाह जोराचा आहे. पलीकडे जायचं तर परत एक्सीटच्या पुलावरूनच.

पलीकडे का जायचं असतं, तर फोटोसाठी. पुढे कोस्टगार्डची जुनी घरं आणि मागे सातही कडे, हे दृश्य नदीच्या पश्चिम बाजूचं आहे. पूर्वेच्या वाटेने समुद्रावर आलेल्यांना कडे बाजूने दिसतात आणि तो फोटो मिळत नाही, मग चिडचिड होते. तो हवाच असेल तर सुरुवातीलाच ठरवून पुलापलीकडून पश्चिम काठाने यायचं, किंवा सीफर्डच्या बाजूने साउथ हिलहून उतरायचं. दोन्ही बाजू एका दिवसात लहान मुलांना झेपत नाहीत.

सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं असतील तर किनाऱ्यावरून पहिला कडा, हेवन ब्राउ, चढता येतो. तो सातांत सर्वात उंच, ७७ मीटर. गवताचा चढ सरळ आणि दमवणारा आहे. मुलांना अर्धा तास लागतो. वरची धार मात्र मनापासून सांभाळायची. इथे कुंपण नाही. खडू खालून लाटांनी आणि वरून पावसा-बर्फाने पोखरला जातो. गवताची मुळं माती धरून ठेवतात, त्यामुळे धारेवरचं गवत हिरवंगार आणि भक्कम दिसतं, आणि त्याच्याखाली पुष्कळदा काहीच नसतं. भेग दिसली नाही म्हणजे जमीन पक्की असं समजू नये. पूर्वेला बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह आहे. १९९९ मध्ये ते अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवावं लागलं, इतका कडा झिजत आला होता. आमचा नियम असा: मुलं आणि धार यांच्यामध्ये कायम एक मोठं माणूस, आणि त्या माणसापासून धार किमान १५ मीटर. फोटो काढताना हे अंतर नकळत कमी होतं, म्हणून फोटो काढणाऱ्याने पाठ समुद्राकडे करायची नाही. पतंग आणि चेंडू वर आणायचेच नाहीत.

कड्याच्या पायथ्याने, समुद्राच्या काठाकाठाने कड्यांच्या पूर्व टोकाच्या बर्लिंग गॅपपर्यंत जाता येईल असं ओहोटीला वाटतं. मुलांना घेऊन ते करू नये. मध्ये वर चढायला एकही वाट नाही, दगड-धोंड्यांतून वेग पडत नाही, भरती मागून आणि पुढून दोन्हीकडून कोंडते, आणि वरून दगड पडतात ते वेगळंच. कोणी अडकलेलं दिसलं किंवा धारेखाली गेलेलं दिसलं तर ९९९ ला फोन करून पोलीस नव्हे, कोस्टगार्ड मागायचा.

मोठी, चालायची सवय असलेली मुलं वरून सातही कडे करून बर्लिंग गॅपला उतरू शकतात. एक्सीटपासून साडेसहा-सात किलोमीटर, पण ते सतत खाली-वर आहे आणि अर्ध्यात सोडायला सोय जवळजवळ नाही. बर्लिंग गॅपला संडास आणि उपाहारगृह आहे, मात्र तिथून बस रोज असेल असं नाही. नसली तर आत ईस्ट डीन गावापर्यंत चालून मोठ्या रस्त्यावरची बस धरावी लागते. ही दीड-दोन किलोमीटरची भर आधीच मोजलेली हवी, कारण ती दमलेल्या पायांनी करायची असते.

भरती-कड्यांची काळजी नको असेल अशा दिवसासाठी आम्ही ब्रायटनच्या उत्तरेची आणखी एक वाट सुचवतो. पॅचम या उपनगरातून टेकडीवरच्या 'छत्री' नावाच्या स्मारकापर्यंत, जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या माळावर अंत्यसंस्कार झाले. तिथे संगमरवरी छत्री उभारली, तिचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झालं, आणि तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिकेस यांनी केला होता. जवळच २०१० मध्ये बसवलेल्या दगडावर त्या ५३ जणांची नावं कोरलेली आहेत. मुलांना ती मोठ्याने वाचू द्यावीत. तिथे मोटार जात नाही, पाणी-संडास काही नाही, बाबागाडी फाटकांत अडते, आणि उघड्या माळावर सावली नावाला नाही. टोपी आणि पाणी घेऊनच निघायचं.

कुठल्याही वाटेवरून घरी आल्यावर एक काम उरतं ते गोचिडांचं. मेंढ्या आणि हरणं असलेल्या गवतात, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत विशेष करून, खसखशीएवढ्या बारीक गोचिडी चिकटतात. आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे आणि केसांच्या कडेला बघायचं. सापडली तर गोचीड काढायच्या आकडीने किंवा बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढायची. तेल लावायचं नाही, उदबत्तीने चटका द्यायचा नाही, त्याने ती पोटातले जंतू उलट जास्त सोडते. जागा साबणाने धुवायची आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा लाल वर्तुळासारखा पुरळ साधारण एक ते चार आठवड्यांत उठतो, कधी तीन महिन्यांनीही. तो पसरत गेला तर डॉक्टरांना तारीख, चाव्याची जागा आणि कुठल्या वाटेवर गेला होतात हे तिन्ही सांगायचं.